तेल्याची सुई पेशीपर्यंत पोचण्याआधी

डाळिंबाच्या पानावर डाग दिसला की फवारणी पंपाकडे वळू नका. आधी ते पान तोडून उजेडाकडे धरा. डाग पाणी भिनल्यासारखा तेलकट असेल आणि त्याच्या कडेतून उजेड आरपार जात असेल, तर तेल्या, म्हणजे डाळिंबाचा जिवाणूजन्य करपा, धरून चाला. खात्रीसाठी डागाच्या कडेचा बारीक तुकडा स्वच्छ ब्लेडने कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या कडेतून जिवाणूंचा लोट बाहेर पडताना दिसतो. जवळच्या कृषी महाविद्यालयात हे पाहता येतं.

सांगोला-पंढरपूर भागात मी बागा पाहायला जाते, तेव्हा बांधावरच पहिला प्रश्न येतो, "ताई, आज काय मारू?" मी त्यांना आधी पानाच्या आत काय चाललंय ते सांगते, कारण पुढचं सगळं काम त्यावर ठरतं.

तेल्या आणणारा झॅन्थोमोनास हा जिवाणू पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून किंवा जखमेतून आत येतो, पण पेशीत शिरत नाही. तो पेशींच्या मधल्या जागेत राहतो. तिथे पोचल्याचं त्याला कळलं की एरवी जवळपास बंद असलेली त्याची काही जनुकं जागी होतात आणि तो एक पोकळ सुई उभी करतो. वनस्पतीच्या पेशीला जाड भिंत असते, म्हणून ही सुई चांगली लांब असते. तिच्यातून तो आपली प्रथिनं थेट पेशीत सोडतो. शास्त्रज्ञ हिला तिसऱ्या प्रकारची स्रावयंत्रणा म्हणतात. शिवाय दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेतून तो पेशीभित्तिका विरघळवणारी विकरं बाहेर टाकतो.

त्या प्रथिनांपैकी एक आहे झॉप-एन. जिवाणूची चाहूल लागली की झाड आपली पेशीभित्तिका आतून जाड करतं. झॉप-एन नेमकं तेच दाबतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत या एका प्रथिनाचं जनुक काढून पाहिलं, तेव्हा तोच जिवाणू पानात नीट वाढेना. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. झाडाकडे प्रतिकार असतो, तो आतून बंद पाडला जातो, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

आता ताम्रयुक्त औषधाचा विचार करा. ते पानावर बसतं, आत जात नाही. डाग दिसला म्हणजे सुईचं काम होऊन गेलेलं असतं. तिथे मात्रा दुप्पट केली तर पान करपतं आणि पैसे जातात. म्हणून सगळा जोर जिवाणू बाहेर असतानाच लावायचा.

फळतोडणीनंतर बागेला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्या. छाटणीत खोडावरचे, पेरांवरचे काळे चट्टे शोधा. पावसाच्या थेंबांबरोबर जिवाणू तिथूनच नव्या पालवीवर उडतो. चट्ट्याच्या दोन इंच खाली कापा, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. मजुरांना हे जाचक वाटतं, तरी यात सूट देऊ नका. न बुडवलेलं पातं रोग झाडोझाड पोचवतं. गळलेली पानं, तडकलेली फळं गोळा करून बागेबाहेर जाळा.

छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला.

मागच्या हंगामात तेल्या जोरात होता, तर मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरायचा फुलोरा, धरू नका. पावसात ओली राहणारी पालवी या जिवाणूला फार सोयीची असते. पाऊस सरताना धरलेल्या हस्त बहारात फळं कोरड्या हवेत वाढतात. नवी लागवड करायची असेल तर कलमं घेण्याआधी मातृबाग पावसाळ्यात स्वतः जाऊन पाहा, आणि तिथेही पानं उजेडाकडे धरूनच.