जुन्या जिप्सीचा किंवा जीपचा हेडलाइट मिणमिणतोय? बल्ब नंतर बदला, आधी मीटर लावा

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत जुन्या फोर बाय फोर वाल्यांची एकच रड सुरू होते, लाइट पडत नाही, घाटात समोरचं दिसत नाही, आणि मग कोणीतरी 100/90 वॅटचा बल्ब टाकायचा सल्ला देतो. तो सल्ला ऐकू नका. कंपनीच्या 60/55 वॅटच्या एच4 बल्बला (आत दोन फिलामेंट, 60 ची अप्पर म्हणजे लांबचा झोत, 55 ची डिपर म्हणजे जवळचा) नीट करंट मिळाला तर माळशेज घाटापुरता उजेड आरामात पडतो. जुन्या गाडीत तो मिळत नाही, मधेच कुठेतरी खाल्ला जातो, आणि वर जास्त वॅटचा बल्ब लावला की तीच थकलेली वायर आणखी तापते आणि एक दिवस कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) वितळून बल्बलाच चिकटून बसतो.

व्होल्टेजचा हिशोब आधी समजून घ्या. हॅलोजनला 10 टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड 10 नाही, जवळपास 30 टक्के कमी होतो. म्हणजे बॅटरीवर 12.6 आणि बल्बवर 11.3 असेल तर बल्ब अगदी नवा असूनही लाइट पिवळाच दिसणार. आणि आपल्याकडे खाडीची खारी हवा, त्यात गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमधे, त्यामुळे पितळेच्या पिनांवर हिरवा कळंक चढतो आणि बोनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, 21 वॅटच्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी लावून केलेला टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), ती दाबायचा क्रिंपिंगचा पक्कड आणि हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की वायरवर आवळून बसणारी नळी.

पहिलं काम म्हणजे बॅटरी. इंजिन चालू, लाइट चालू, मीटर थेट बॅटरीच्या खांबांवर, तिथे 13.8 ते 14.4 च्या आसपास दिसलं पाहिजे. स्लोला लाइट मंद आणि रेस दिली की उजळ असं होत असेल तर आधी अल्टरनेटर, बेल्ट आणि बॅटरीचे टर्मिनल बघा, हेडलाइटच्या वायरिंगला हात लावायची गरजच नाही.

आता गाडीत स्विच प्लसवर आहे की अर्थवर हे ओळखा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे आणि इथेच बरेच इलेक्ट्रिशियनसुद्धा गोंधळतात. जुन्या महिंद्रा जीपमधे साधी पद्धत असते, स्विचमधून प्लस येतो आणि बल्बची तिसरी, म्हणजे दोन्ही फिलामेंटची कॉमन पिन बॉडीला अर्थ. सुझुकीच्या त्या पिढीच्या जीपमधे, म्हणजे जिप्सीच्या परदेशी बहिणीत, उलटं असतं, प्लस सरळ बल्बला जातो आणि लाइटचा स्विच व डिपरचा स्विच अर्थ जोडतो-तोडतो. आपल्या गाडीत काय आहे ते अंदाजाने ठरवू नका, मधे कोणीतरी वायरिंग बदललेलंही असू शकतं. बल्बचा कपलर काढा, लाइट ऑन करा, मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसवर ठेवा आणि लाल वायरने तिन्ही खाचा तपासा. डिपर मारल्यावर 12 व्होल्ट एका खाचेतून दुसऱ्या खाचेत उडी मारत असेल तर प्लस स्विचिंग. अप्पर असो की डिपर, एकाच खाचेत 12 बसून असेल तर अर्थ स्विचिंग.

पण एवढी टेस्ट करून खूश होऊ नका. कपलर काढलेला असताना करंट वाहतच नाही, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12 दाखवतो आणि आपण म्हणतो सप्लाय तर बरोबर आहे, बल्बच गेला असणार. खरी टेस्ट लोडवर, म्हणजे बल्ब जळत असताना. कपलर परत लावा, लाइट पेटवा, कपलरच्या मागून वायरच्या बाजूने मीटरची टोकं आत सरकवा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लस पिनवर, मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज वाटेत खाल्लं जातंय. मग तसंच बॅटरीचा मायनस ते बल्बची अर्थकडची पिन. एका बाजूला 0.2-0.3 पर्यंत चालतं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की तिथे काम आहे. मग एक टोक बॅटरीवरच ठेवून दुसरं टोक एकेक कपलर मागे घेत या, जिथे आकडा एकदम पडला त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मधे चोर आहे. बहुतेक वेळा तो अर्थच्या बोल्टवर नाहीतर स्टिअरिंगखालच्या स्विचच्या कपलरमधे सापडतो. या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट, दोन बल्बचे मिळून 9-10 अँपिअर, त्या बारीक स्विचमधूनच जातो, म्हणून लाइट दहा मिनिटं चालू ठेवून कपलरला हात लावून बघा, गरम लागला किंवा प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल तर समजून जा. जुन्या जीपला क्लचजवळ पायाने दाबायचा डिपर असतो, त्यात चिखल आणि पाणी जाऊन तो सडतो. त्याची इनपुट वायर वायरच्या तुकड्याने एकेका आउटपुटला डायरेक्ट जोडून बघा, लाइट उजळला तर डिपर बदला.

एक लक्षण मात्र लोकांना वेड लावतं. डिपरवर एक बाजू नीट, दुसऱ्या बाजूच्या बल्बच्या दोन्ही फिलामेंट मंद लाल, आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा हलकासा जळतोय. असं दिसलं की मंद बाजूच्या बल्बची कॉमन पिन तुटलेली आहे. करंटला परतीचा रस्ता मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या फिलामेंटमधून फिरून अप्परच्या वायरने पलीकडच्या बल्बकडे जातो. प्लस स्विचिंग असेल तर त्या बाजूचा अर्थ तपासा, अर्थ स्विचिंग असेल तर त्या बाजूचा प्लस.

फ्यूज सारखा उडत असेल तर जाड फ्यूज टाकू नका, गाडी पेटते हो त्याने. दोन्ही हेडलाइटचे कपलर काढा, फ्यूजच्या जागी तो टेस्ट लॅम्प लावा, लाइटचा स्विच ऑन करा. लॅम्प फुल पेटला तर शॉर्ट आहे, मग वायरिंग हलवत जा, रेडिएटरच्या पत्र्यामागे, हॉर्नजवळ, जिथे वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे, आणि लॅम्प विझला की जागा सापडली. अर्थ स्विचिंगच्या गाडीत डिपरची वायर घासून पत्र्याला लागली तर फ्यूज उडतच नाही, कॉमनवर कायम प्लस असेल तर लाइट बंदच होत नाही, सकाळी बॅटरी झोपलेली मिळते.

दुरुस्तीत वायर सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा. पीळ मारून वर टेप हा प्रकार बोनेटखाली टिकत नाही, टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळतो. थिंबल क्रिंप करा, स्लीव्ह चढवा. अर्थसाठी रंग खरवडून पत्रा पांढरा करा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट कसा, वरून व्हॅसलीन. मी तर सरळ सांगेन, 2.5 एमएमची वेगळी अर्थ वायर बॅटरीच्या मायनसपर्यंत ओढा, बॉडीच्या भरवशावर राहूच नका.

आणि मग रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, म्हणजे बल्बचा करंट जुन्या बारीक स्विचमधून न जाता थेट बॅटरीवरून येतो. दोन घ्या, एक डिपरला एक अप्परला. बॅटरीच्या प्लसवरून, बॅटरीच्या अगदी जवळ 20 अँपिअरचा फ्यूज लावून, 2.5 एमएमची वायर दोन्ही रिलेच्या 30 नंबरच्या पिनला (30, 85, 86, 87 हे रिलेच्या पिनांचे नंबर). 87 वरून बल्बला. प्लस स्विचिंग असेल तर जुनी हेडलाइटची वायर 86 ला आणि 85 बॉडीला. अर्थ स्विचिंग असेल तर 86 ला जुना कॉमन प्लस आणि 85 ला जुनी डिपर किंवा अप्परची वायर, बल्बची कॉमन पिन आता अर्थला. रिले वरच्या बाजूला बसवा, पिना खाली तोंड करून, म्हणजे ओढ्यात उतरलात तरी आत पाणी साचणार नाही. बल्बला सिरॅमिक होल्डर लावा. वायर, रिले, होल्डर कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या दुकानांत मिळून जातात, फक्त वायर कापून बघून घ्या, आत तांबंच आहे ना.

एलईडी टाकायचा मोह होतोच, पण अर्थ स्विचिंगच्या गाडीत रेडीमेड एलईडी बरेचदा येड्यासारखे वागतात, आणि फिलामेंटसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमधे त्यांचा फोकस फुटतो, पावसात समोर नुसती पांढरी भिंत. डूम, म्हणजे हेडलाइटचा काच-रिफ्लेक्टरचा भाग, बदलताना अमेरिकन जीपचे घेऊ नका, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात म्हणून त्यांचा झोत उजवीकडे जास्त पडतो, आपल्याकडे तो समोरच्याच्या डोळ्यात जातो.

शेवटी भिंतीसमोर 10 मीटरवर गाडी उभी करून डिपरच्या उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली आणा, 15 वर्षांनंतरच्या आरटीओ पासिंगलाही ते बघतात. मग लाइट पेटवून बोनेट उघडा, स्प्रेच्या बाटलीने सगळ्या कपलरवर आणि रिलेवर पाणी मारा, तापलेल्या काचेवर नाही, आणि परत एकदा लोडवर मीटर लावा. कुठे आकडा हलला तर तो कपलर उघडून वाळवा, ग्रीस भरा आणि मगच घोडबंदरच्या पावसात गाडी काढा.