रविवारच्या कपड्यात येणारे तिघं : स्वार्थ, गर्व आणि मोह यांच्यापासून विश्वास सांभाळायचा कसा

जय ख्रिस्त मंडळी. सावध राहा, जागृत राहा हे आपण दर रविवारी ऐकतो, पण सावध राहायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं करायचं काय हे फार कमी जण सांगतात. सांगितलं तरी सगळं बाहेरच्या गोष्टींबद्दल, दारू, वाईट संगत, मोबाईल वगैरे. ते खोटं नाही, पण जो माणूस नियमित उपासनेला येतो, दशमांश (मिळकतीचा दहावा भाग) देतो, गायनमंडळात आहे, चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर आहे, त्याचा विश्वास जास्त करून चर्चच्या आवारातच किडतो असं मला वाटतं, कारण तिथे हे तिघंही चांगले कपडे घालून येतात आणि ओळखूच येत नाहीत. म्हणून हे लिहिलंय ते मुख्यतः आपल्यासारख्या "चांगल्या" लोकांसाठी.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, कारण हिच्यात गोंधळ असेल तर पुढचं सगळं फुकट. मोह होणं म्हणजे पाप नाही. इब्री लोकांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात स्पष्ट आहे की येशूची सगळ्या बाबतीत आपल्यासारखीच परीक्षा झाली पण तो निष्पाप राहिला. म्हणजे डोक्यात घाणेरडा विचार आला, कुणाची बढती बघून पोटात दुखलं, की "मी पापी, माझा विश्वास खोटा" करत बसू नका. याकोब त्याच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात क्रमच सांगतो, आधी इच्छा ओढते, मग ती गर्भवती होते, मग पाप जन्मतं. मधे वेळ असतो. सगळं काम त्या मधल्या वेळात करायचं आहे.

आता मोहाचं बघू. पहिलं काम, आपली वेळ ओळखा. प्रत्येकाची पडायची एक ठरावीक वेळ असते आणि ती बहुतेक आध्यात्मिक नसतेच, शरीराची असते. येशूकडे सैतान आला तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर, आणि पहिली गोष्ट काढली ती भाकरीची. दावीद राजाची, दुसऱ्याची बायको असलेल्या बथशेबाबरोबरची भानगड घ्या, २ शमुवेल ११ ची सुरुवातच अशी आहे की राजे लढाईला जायच्या दिवसात हा यरुशलेमेतच थांबला, संध्याकाळी झोपून उठला आणि गच्चीवर फिरत होता. काम नाही, सोबत कोणी नाही, हातात सत्ता. तर एक वही घ्या आणि पंधरा दिवस फक्त लिहा की कधी पाय घसरायला लागतो. रात्री साडेअकरानंतर? पगार झाल्या दिवशी? बायकोशी किंवा सासूशी वाजल्यावर? नाईट शिफ्टवरून आल्यावर? पंधरा दिवसात पॅटर्न दिसतोच. आणि मग उपाय कधीकधी अगदी साधा निघतो, म्हणजे लवकर जेवा आणि झोपा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला हो, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. (१ राजे १९, जरूर वाचा, थकलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगला अध्याय नाही.)

दुसरं, जिथे पळायचं तिथे पळा, चर्चा करू नका. मालक पोटीफरची बायको योसेफाला नादी लावू बघायची, तेव्हा त्याने तिच्याशी वाद घातला होता रोज रोज, पण शेवटच्या दिवशी वस्त्र तिच्या हातात टाकून तो बाहेर पळाला. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की मोहासमोर उभं राहून जिंकलं तरच विश्वास खरा. असं काही नाही. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. रमीचं, बेटिंगचं अ‍ॅप काढून टाका आणि यूपीआयची रोजची लिमिट कमी करून घ्या. ऑफिसातल्या ज्या व्यक्तीबरोबर चहा जरा जास्तच लांबतो तिथे तिसरा कोणीतरी सोबत घ्या. हे सगळं आधी, शांत डोक्याने ठरवायचं, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही.

चर्चच्या पैशाचं तर मुद्दाम वेगळं सांगते. अर्पणाची थैली कधीही एकट्याने मोजू नका, तुम्ही कितीही प्रामाणिक असा. निदान दोघं, आणि शक्यतो एकाच घरातले नकोत, आकडा तिथल्या तिथे लिहून दोघांच्या सह्या. यात कुणाचा अपमान नाही. खुद्द पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेला पैसा नेताना आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू दिला आणि कारणही लिहून ठेवलं, की एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणाला बोट ठेवता येऊ नये, प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही ते चांगलं दिसावं (२ करिंथ ८). पौलाला विटनेस लागत होता तर आपल्या खजिनदाराला का नको? "माझ्यावर विश्वास नाही का" असं जो म्हणतो ना, त्याच्यासाठीच हा नियम आधी लावा.

वचनं पाठ करण्याबद्दल. अरण्यात सैतानाने तीनदा मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही वेळा जे उत्तर दिलं ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६ व्या आणि ८ व्या अध्यायातलं आहे, म्हणजे त्याच्याकडे तयार होतं, शोधावं लागलं नाही. तुमच्या नेहमीच्या मोहाला लागू पडणारी दोन-तीन वचनं पाठ असू द्या, पन्नास नकोत. पण हेही लक्षात घ्या की त्याच प्रसंगात सैतानानेही वचनच काढलं होतं, ९१ वं स्तोत्र. त्यामुळे वचन तोंडावर आहे म्हणजे माणूस बरोबर आहे असं काही सिद्ध होत नाही, आणि फॅमिली ग्रुपवर दुसऱ्याला टोचायला वचन टाकणं हा तर सरळ गर्वाचाच धंदा आहे. मागचा-पुढचा संदर्भ वाचून पाठ करा आणि आधी स्वतःला लावा.

गर्वावर जरा जास्त लिहिते, कारण बाकी दोघं वाईट कामावर जगतात आणि हा चांगल्या कामावर जगतो. पाचव्या शतकात जॉन कॅशियन नावाच्या मठवासीयाने जुन्या लोकांचं म्हणणं नोंदवलंय की पोकळ मोठेपणा हा कांद्यासारखा आहे, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा तयारच. किती खरं आहे बघा. गाणं चांगलं म्हटलं, कौतुक झालं, गर्व आला. मग ठरवलं नम्र व्हायचं, मागच्या बाकावर बसलो, आणि दहा मिनिटात मनात आलं की बघा मी किती नम्र.

उज्जीया राजाचं उदाहरण संडे स्कूलमध्ये फारसं घेत नाहीत पण मोठ्यांसाठी याच्यासारखं नाही (२ इतिहास २६). सोळाव्या वर्षी गादीवर आला, बावन्न वर्षं राज्य केलं, विहिरी खोदल्या, बुरूज बांधले, शेतीची आवड असलेला माणूस, देवाचा शोध घेणारा. लिहिलंय की त्याला अद्भुत मदत मिळत गेली आणि तो प्रबळ झाला, आणि प्रबळ झाल्यावर त्याचं मन उन्मत्त झालं. मग काय केलं त्याने? व्यभिचार नाही, खून नाही. मंदिरात धूप जाळायला गेला! भक्तीचंच काम, फक्त त्याचं नव्हतं, याजकांचं होतं. ऐंशी याजक आडवे आले तर त्यांच्यावर संतापला आणि तिथेच कपाळावर कोड फुटलं. मला यातली मेख वाटते ती संताप. गर्व आहे की नाही हे स्वतःच्या मनाला विचारून कळत नाही, मन कायम नाहीच म्हणणार. कोणी अडवल्यावर तुम्ही काय करता त्यावरून कळतं.

तर करायचं काय. कोणी चूक दाखवली, पाळकसाहेबांनी, सुनेने, पोराने, कोणीही, तर त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. "बघते" एवढंच म्हणायचं आणि एक रात्र जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी त्यातलं निदान थोडं तरी खरं निघतं की नाही ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नक्कीच नाही, तिथे टाईप करता करताच माणूस वकील होतो.

दुसरं, चर्चमध्ये असं एक काम धरा जे स्टेजवरून दिसत नाही आणि ज्याला टाळ्या नाहीत. खुर्च्या लावणं, प्रीतिभोजनानंतर भांडी, संडास साफ आहे ना बघणं, आजारी म्हाताऱ्यांना रिक्षाने आणणं. आणि ते केल्याचा फोटो स्टेटसला नाही. मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल प्रभू एकच सांगतो, गुप्तपणे करा. आपल्याकडे मात्र उपास धरला की चार जणांना तरी कळतंच, "नको नको, माझा आज उपास आहे" इतक्या बारीक आवाजात सांगतात की अख्ख्या पंगतीला ऐकू जातं.

तिसरं, साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभे राहाल तेव्हा आधी कागदावर लिहा आणि बघा की त्यात प्रभू किती आणि मी किती. लूक १८ मधला परूशी (धर्माचे नियम कडक पाळणारा माणूस) देवाचे आभार मानूनच सुरुवात करतो, आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशमांश, त्यातलं काहीच खोटं नव्हतं. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो दूर उभा राहून दया मागणारा जकातदार.

चौथं, आणि हे सगळ्यात अवघड, पद वेळेवर सोडा. गायनमंडळ पंधरा वर्षं एकाच्या हातात, महिला मंडळाची अध्यक्ष कायम तीच, आणि विचारलं तर "दुसरं कोणी तयारच नाही". तयार कोणी केलं नाही म्हणून तयार नाही. हातात काम घेतलं त्याच दिवशी एक तरुण मुलगा किंवा मुलगी शेजारी बसवा आणि शिकवा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं आपण आजही उपासनेत म्हणतो, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांचं काम, नाव, पगार सगळं होतं, पण १९१७ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही. आपल्याला कोणी पगार सोडायला सांगत नाहीये, आपल्याला फक्त माईक सोडायचाय.

स्वार्थाचं थोडक्यात. जुन्या करारात नियम होता की शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा (लेवीय १९). रूथ अशाच सरव्यावर जगली. हाच नियम पगाराला आणि वेळेला लावा. महिन्याच्या खर्चाची यादी करताना शेवटच्या रुपयापर्यंत बसवू नका, काही रक्कम आधीच बाजूला काढा, दशमांशाशिवाय, आणि ती अशा माणसासाठी जो परत काही देऊ शकणार नाही. कामवाल्या ताईंच्या मुलीची फी, वॉचमनचं औषध. रविवार दुपारचा तासभर असाच मोकळा ठेवा, कोणी फोन केला तर "बिझी आहे" म्हणावं लागू नये म्हणून. प्रार्थनेचंही तसंच आहे, आठवडाभराच्या विनंत्या लिहून काढा, घर, नोकरी, लग्न, व्हिसा सगळं आपलंच निघालं तर पुढच्या आठवड्यात आधी बाहेरच्या पाच जणांची नावं आणि मग आपलं. त्यातलं एक नाव ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं.

आणि देताना पहिल्या मंडळीतले हनन्या-सप्पीरा हे नवरा-बायको विसरू नका. जमिनीचे पैसे थोडे ठेवून घेतले हा त्यांचा गुन्हा नव्हताच, पेत्र सरळ म्हणतो की विकायच्या आधी जमीन तुझी होती, विकल्यावर पैसेही तुझेच होते. थोडं देऊन सगळं दिल्याचं नाटक केलं, तिथे घात झाला. कमी देणार असाल तर कमी द्या, पण कमीच दिलंय म्हणा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुम्हाला एक नाथान पाहिजे. दावीदाने पाप केलं, पुरलं, महिने गेले, त्याचं त्याला काही उमगलं नाही, स्तोत्रं रचणारा माणूस असून. नाथान संदेष्ट्याने येऊन गरिबाची एकुलती कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा कुठे डोळे उघडले. असा एक जण शोधा, पुरुषाने पुरुष, बाईने बाई, वयाने किंवा विश्वासाने मोठा, तुमच्यावर पैशाने अवलंबून नसलेला, तोंडावर बोलणारा आणि पोटात ठेवणारा. महिन्यातून एकदा भेटा आणि त्याला आधीच परवानगी द्या की पैसा, फोन आणि घरातलं वागणं या तीन गोष्टींबद्दल तो काहीही विचारू शकतो. कॅथलिक बंधू-भगिनींकडे पापनिवेदनाची सोय आहे, तिचा वापर करा. पण कॉटेज मिटिंगमध्ये (घरगुती प्रार्थनासभेत) सगळ्यांपुढे पोट मोकळं करू नका प्लीज, कारण रात्रीपर्यंत ते "प्रार्थनेची विनंती" म्हणून तीन एरियात पोचलेलं असतं. आणि दारूचं, जुगाराचं व्यसन लागलं असेल तर नाथानाबरोबर डॉक्टर पण गाठा, दारू असेल तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मिटिंगला जा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं दिवस तपासा. लोयोलाच्या इग्नाशियसने सोळाव्या शतकात ही पद्धत शिकवली, प्रोटेस्टंट असाल तरी चालते. आधी दिवसाबद्दल आभार, मग प्रभूकडे प्रकाश मागायचा, मग सकाळपासून एकेक प्रसंग नजरेखालून घालायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा, आणि उद्यासाठी एक ठराव. एकच. पाच केले की पाचही मोडतात.

आणि एवढं करूनही पडलात तर? एकाच रात्री पेत्र पडला, त्याने प्रभूला ओळखत नाही म्हटलं, आणि यहूदाही पडला, त्याने प्रभूला धरून दिलं. पश्चात्ताप दोघांनाही झाला होता, पण यहूदा एकटाच निघून गेला आणि पेत्र बाकीच्यांबरोबर राहिला, म्हणून प्रभू परत आला तेव्हा तो तिथे सापडला. त्यामुळे पडल्यावर पहिला रविवार चुकवायचा नाही, कितीही तोंड लपवावंसं वाटलं तरी. नाथानाला त्याच दिवशी फोन. ज्याचं मन दुखावलं त्याला जाऊन भेटा, मेसेज नको. पैसे खाल्ले असतील तर आधी ते परत करा, जक्कय जकातदाराने चौपट द्यायचं कबूल केलं होतं, आपल्याला निदान मुद्दल तरी जमेल, आणि एकदम जमत नसेल तर हप्त्यांच्या तारखा कागदावर लिहून, सही करून त्या माणसाच्या हातात द्या.