वेबसाइट हळू उघडते? गुण बघत बसू नका, ग्राहकाचा फोन हातात घ्या

येवल्याच्या एका पैठणीवाल्या काकांचा फोन आला, "भाऊ, गिऱ्हाईक म्हणतंय साइट उघडतच नाही." मी नाशिकला कॉलेज रोडच्या ऑफिसात बसून पेजस्पीड इनसाइट्स, म्हणजे साइटचा वेग तपासून शंभरपैकी गुण देणारं गूगलचं मोफत साधन, लावलं. गुण ९४, हिरवागार. "सगळं व्यवस्थित आहे काका," असं सांगून मोकळा झालो.

पुढच्या आठवड्यात येवल्याला दुकानात गेलो आणि त्यांच्या मुलाच्या चार वर्षं जुन्या फोनवर, वायफाय बंद करून, तीच साइट उघडली. आधी पांढरा पडदा, मग दुकानाचं नाव, आणि जिथे पैठणी दिसायला हवी तिथे नुसता करडा चौकोन. पदरावरचा मोर दिसेपर्यंत मी मनात सातापर्यंत मोजलं. ९४ हा आकडा मी डेस्कटॉपच्या टॅबवर पाहिला होता. काकांचं जवळपास सगळं गिऱ्हाईक मोबाइलवरचं.

ही पहिली आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक. त्या अहवालातले गुण म्हणजे एका ठरावीक यंत्रावर, ठरावीक नेटवर्क गृहीत धरून घेतलेली चाचणी. तिचा उपयोग बिघाड शोधायला. ग्राहकाला काय भोगावं लागतं ते त्याच अहवालाच्या वरच्या भागात असतं, क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या गेल्या २८ दिवसांच्या नोंदींत. तिथे तीन गोष्टी बघा: मुख्य मजकूर किंवा फोटो २.५ सेकंदांच्या आत दिसतो का (एलसीपी), बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत पान प्रतिसाद देतं का (आयएनपी), आणि पान उड्या मारत नाही ना (सीएलएस, ०.१ किंवा कमी). शंभरातल्या ७५ भेटींना तरी हे जमलं पाहिजे. साइट लहान असेल तर हा भाग रिकामा दिसतो. तेव्हा 'वेब व्हायटल्स' ही मोफत जावास्क्रिप्ट लायब्ररी पानात टाकून हेच आकडे स्वतःच्या ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनात, घ्या. कोणतं पान आणि कसला फोन रडतोय, तेही कळतं.

आता त्या करड्या चौकोनाकडे. लेझी लोडिंग म्हणजे खालचे फोटो तिथवर स्क्रोल केल्यावरच मागवायचे. सोय उत्तमच, पण काकांची साइट वर्डप्रेसवर आहे, आणि तिथल्या एका प्लगइनने (वरून जोडलेल्या सोयीने) ती सरसकट सगळ्या फोटोंना लावली होती, पहिल्यालासुद्धा. म्हणजे जो फोटो सर्वांत आधी हवा, त्यालाच ब्राउझर "थांब जरा" म्हणत होता. वर्डप्रेस स्वतः ५.९ पासून पहिल्या फोटोला यातून वगळतं आणि ६.३ पासून मुख्य फोटोला जास्त प्राधान्य द्यायला ब्राउझरला सांगतं. प्लगइन मात्र हे सगळं पुसून टाकू शकतं, म्हणून सेटिंग उघडून बघाच. शिवाय तिथे पाच फोटोंचा स्लायडर (आपोआप सरकणारी फोटोंची पट्टी) होता, प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून जसाच्या तसा, कित्येक एमबींचा. आम्ही स्लायडर काढून एकच फोटो ठेवला, वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात, मोबाइलसाठी वेगळ्या लहान आकारात. पण जरीचं काम विकायचं असेल तर फोटो दाबून दाबून धूसर करू नका. यादीत हलका फोटो द्या, बोट लावल्यावर मोठा उघडा.

फोटो सुधारले तरी तक्रार पुरती थांबली नाही. "एकच साडी मागवली, कार्टमध्ये दोन कशा?" लोक बटण दाबत होते, काहीच होत नव्हतं, म्हणून पुन्हा दाबत होते. त्या वेळी फोनचा प्रोसेसर चॅटचा डबा, जाहिरातींचे ट्रॅकिंग कोड आणि गेल्या दिवाळीच्या ऑफरचं घड्याळ चालवण्यात गुंतलेला होता. ऑफर कधीच संपली होती, कोड तसाच. इथे वेगवान इंटरनेट फारसं कामाला येत नाही, कारण वेळ फोनच्या डोक्यात जातो. टॅग मॅनेजर (असे बाहेरचे कोड जिथून लावले जातात ते साधन) उघडून एकेका कोडला विचारा: तुझा अहवाल गेल्या तीन महिन्यांत कोणी पाहिला का? नसेल तर काढा. चॅट हवाच असेल तर आधी साधं बटण दाखवा, खरा कोड बोट लावल्यावर आणा.

मराठी साइटची खास चूक फॉन्टची. जोडाक्षरांमुळे देवनागरीची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड होते, आणि आपण पाच-पाच जाड्या लावतो. साधी आणि ठळक, दोन पुरतात. वॉफ२ ही वेबसाठी दाबून लहान केलेली फॉन्ट फाइल वापरा आणि ती येईपर्यंत फोनचा स्वतःचा फॉन्ट दिसू द्या. वजन कमी करायला फॉन्टमधली अक्षरं मात्र अंदाजाने छाटू नका, 'क्ष' आणि 'र्‍या' तुटून दिसतात.

बाकीचं थोडक्यात. फोटोला रुंदी-उंची लिहा आणि वरच्या ऑफर-पट्टीसाठी जागा आधीच राखून ठेवा, म्हणजे बोट भलत्याच बटणावर पडणार नाही. स्वस्तातला सर्व्हर अमेरिकेत असेल तर फोन ते सर्व्हर आणि परत अशा एकेका फेरीत पाव सेकंदाच्या आसपास जातो, आणि पान येण्याआधी अशा अनेक फेऱ्या होतात. मुंबईतला सर्व्हर घ्या किंवा सीडीएन (साइटच्या प्रती ग्राहकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) लावा. आणि कॅशिंगची, म्हणजे तयार पान साठवून ठेवणारी, तीन प्लगइन्स एकाच वेळी चालवू नका, ती एकमेकांच्या पायात पाय घालतात.

सिंहस्थासाठी त्र्यंबकेश्वर, पंचवटी भागात खोल्या देणाऱ्या मंडळींनी तर हे आत्ताच करावं. यात्रेकरू गर्दीत, दमलेल्या नेटवर्कवर खोली शोधणार आहे. रविवारी संध्याकाळी रामकुंडावर जा, जुना फोन घ्या, आपली साइट उघडा आणि बुकिंगपर्यंत पोहोचून बघा.

दुरुस्ती केल्यावर तिसऱ्या दिवशी "आकडा हलला नाही" म्हणून सगळं परत उलटवू नका. नोंदी २८ दिवसांच्या असतात, जुने वाईट दिवस हळूहळूच गळतात. काय बदललं आणि कधी, ते वहीत लिहा, आणि महिनाभर एका वेळी एकच मोठा बदल करा.