सोलरला बॅटरी लागतेच का? आधी तास मोजा

सोलर घ्यायचं ठरलं की सगळे आधी बॅटरी केवढी घेऊ हेच विचारतात, आणि गणित तिथेच चुकतं. आधी कागद घ्या, दिवसाचे २४ तास लिहा, कुठल्या तासाला वीज बनते आणि कुठल्या तासाला वापरता ते मांडा. साठवण फक्त मधल्या खड्ड्यापुरती, म्हणजे वीज लागते पण बनत नाही तेवढ्या तासांपुरतीच लागते.

तो खड्डा आधी फुकटात बुजवा. पंप, वॉशिंग मशीन, गिझर सगळं दुपारवर ढकला. दुपारी तापवलेलं पाणी चांगल्या टाकीत रात्रीपर्यंत गरम राहतं, तीही साठवणच झाली की!

आता रात्र. समजा फ्रिज सरासरी ५० वॅट १२ तास, ६० वॅटचे दोन पंखे ८ तास, ४० वॅटचे दिवे ५ तास, राउटर १० वॅट १२ तास, सगळं मिळून साधारण १.९ युनिट. लिथियम बॅटरी ८० टक्के वापरायची धरली आणि इन्व्हर्टरमध्ये १० टक्के गेले तर २.६ युनिटची बॅटरी पुरते. लेड-ॲसिड निम्मीच वापरायची धरली तर तेवढ्याच कामाला ४.२ युनिटची लागेल.

ग्रिड, म्हणजे बाहेरून तारेने येणारी वीज असेल तर रात्रीचं ती बघून घेते, पण एक गोष्ट नीट समजून घ्या, साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज ग्रिडला जोडणारा बिनबॅटरीचा, लाईट गेली की स्वतःच बंद होतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये. म्हणजे भर उन्हात पॅनेल असून पंखा बंद! लाईट वारंवार जात असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा) आणि छोटी बॅटरी घ्याच.

पवनचक्कीचं वेगळं, वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. पण वारा रात्रीही असतो म्हणून सोलरसोबत जोडी चांगली जमते.

मोठ्या ग्रिडलाही हेच लागू. डेन्मार्क वर्षाची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यातून काढतं, तिथे वारा पडला की नॉर्वेच्या धरणांची वीज केबलने येते. साउथ ऑस्ट्रेलियात २०१७ ची हॉर्न्सडेल बॅटरी १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तास होती, म्हणजे पूर्ण जोरावर सव्वा तासच, पण ग्रिडची फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी कंपनं, मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ती कमी होतात) घसरली की क्षणात सावरायला तेवढी खूप होते.

आणि सलग ४-५ ढगाळ दिवसांसाठी बॅटरी घेऊ नका, वर्षभर नुसती पडून राहील, त्यापेक्षा ग्रिड किंवा जनरेटर जोडून ठेवा.