पोटातल्या महाधमनीला फुगा आलाय आणि डॉक्टर खिडक्यांचा ग्राफ्ट टाकू म्हणतात, तर घरच्यांनी काय काय करायचं

आमच्या मामांना लघवीचा त्रास म्हणून सोनोग्राफी करायला नेलं आणि निघालं भलतंच, पोटातली महाधमनी फुगलेली, ५.८ सेंटीमीटर. दुखणं शून्य. बहुतेकांचं असंच दुसरंच काहीतरी शोधताना सापडतं. ही नस साधारण २ सेंटीमीटर जाड असते, ३ च्या वर गेली की ॲन्युरिझम म्हणतात, आणि पुरुषात ५.५, बायकांत ५ च्या आसपास गेली की डॉक्टर ऑपरेशनचा विषय काढतात. त्याच्या आत असेल तर ठराविक महिन्यांनी सोनोग्राफी करून लक्ष ठेवायचं, घाई नाही.

आता यात डॉक्टर ‘कॉम्प्लेक्स’ केस म्हणतात ती काय असते ते आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा खर्च आणि उशीर त्यावरच आहे. साध्या केसमध्ये जांघेतून नळी घालून फुग्याच्या आत कापडी स्टेंट ग्राफ्ट (धातूच्या जाळीवर कापड चढवलेली नळी) उघडतात, रक्त त्यातून जातं, फुग्यावरचा दाब जातो. पण ग्राफ्टला वर चिकटून बसायला किडनीच्या नसांखाली सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर तरी धड नस लागते, तिला डॉक्टर नेक म्हणतात. मामांना नेकच नव्हती, फुगा थेट किडनीच्या नसांपाशी सुरू. ग्राफ्ट वर सरकवला तर दोन्ही किडन्या, आतडं आणि लिव्हरकडे जाणाऱ्या नसांची तोंडंच बंद होणार. म्हणून ग्राफ्टला त्या त्या जागी भोकं, म्हणजेच खिडक्या, ठेवतात आणि प्रत्येक भोकातून त्या नसेत एकेक छोटा स्टेंट बसवतात. हा फेनेस्ट्रेटेड. फुगा छातीपर्यंत गेला असेल तर बऱ्याचदा भोकांऐवजी छोट्या बाह्या असतात, तो ब्रँच्ड.

भोक दोन-चार मिलीमीटर इकडेतिकडे झालं तरी पंचाईत, म्हणून माप हेच निम्मं ऑपरेशन समजा. सीटी अँजिओ (डाय टोचून काढलेला नसांचा सीटी) छातीपासून जांघेपर्यंत आणि १ मिलीमीटरच्या आसपासच्या पातळ स्लाइसचा हवा. आमचा पहिला सीटी एका सेंटरवर जाड स्लाइसचा काढला, तो मापाला काही कामाचा नाही म्हणून परत काढावा लागला, पैसे गेले ते गेले पण किडनीवर डायचा भार दोनदा. त्यामुळे आधीच सांगा की ग्राफ्टच्या प्लॅनिंगसाठी पाहिजे, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून जा, डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर थांबवायची का ते विचारा. आणि फिल्म नको, सीडी किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम डेटा (सीटीच्या मूळ फाइली) घ्या, सेकंड ओपिनियनला बहुतेक तेवढंच पुरतं, पेशंटला गावोगाव फिरवत बसू नका.

सेकंड ओपिनियन घ्याच. साधा स्टेंट ग्राफ्ट १९९० ला ब्युनोस आयर्सला पारोदी नावाच्या सर्जननी बसवला, भोकांचा त्या दशकाच्या शेवटी मुख्यतः ऑस्ट्रेलियात पुढे आला, अमेरिकेत त्यातल्या पहिल्याला मंजुरी मिळायला २०१२ उजाडलं, म्हणजे प्रत्येक व्हॅस्क्युलर सर्जनचा यात हात बसलेला असेलच असं नाही. सरळ विचारा, खिडक्यांच्या किती केसेस केल्यात, किती खिडक्या लागणार, ओपन सर्जरी का नको. चांगला डॉक्टर चिडत नाही. खर्चाचं लेखी घ्या आणि त्यात ग्राफ्ट वेगळा, ते छोटे स्टेंट वेगळे असं मांडून मागा, कारण पॅकेज म्हणतात ते बरेचदा इम्प्लांट सोडून असतं आणि खरा आकडा तिथेच आहे. मेडिक्लेमचं प्रीऑथ (आगाऊ मंजुरी) ग्राफ्टची ऑर्डर जायच्या आधी, सरकारी योजनेतून बघायचं असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा.

मापाचा ग्राफ्ट परदेशात शिवून येतो, त्याला ६-८ आठवडे सहज जातात, कधी जास्तही. तयार मिळणारे ब्रँच्ड ग्राफ्टही असतात पण ते सगळ्यांच्या नसांना बसत नाहीत. हे दिवस घरच्यांना सगळ्यात जड जातात. बिडी-सिगारेट बंद म्हणजे बंद, बीपीच्या गोळ्या वेळेवर, सिलिंडर वगैरे उचलणं नाही. आणखी एक, जे आम्हाला उशिरा कळलं, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन असल्या अँटिबायोटिक गोळ्या अशा पेशंटला शक्यतो देत नाहीत, अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं) २०१८ मध्येच तसा इशारा दिलाय, आणि आपल्याकडे जुलाब लागले की मेडिकलवाला हीच गोळी हातावर ठेवतो.

पोटात किंवा पाठीत एकदम जोरात कळ आली, घाम, चक्कर, तर फुगा फुटत असू शकतो, स्टोन असेल म्हणून घरी थांबू नका (खुद्द डॉक्टरही कधीकधी स्टोनच समजतात), सीटीची सीडी घेऊन व्हॅस्क्युलर सर्जन असलेल्या हॉस्पिटलात पळा आणि दारातच सांगा की ॲन्युरिझम आहे.

ऑपरेशन जांघेतून असलं तरी छोटं नाही. बहुतेक वेळा पूर्ण भूल, चार-सहा तास, कधी दंडातूनही नळी. नंतर आयसीयूत नर्स सारखं पाय हलवा पाय हलवा म्हणतात त्याला कारण आहे, ग्राफ्ट लांब असेल तर मणक्याला रक्त देणाऱ्या नसा झाकल्या जातात आणि पाय लुळे पडायची भीती असते. म्हणून काहींना कमरेत ड्रेन (मणक्यातलं पाणी काढायची बारीक नळी) टाकतात, बीपी मुद्दाम जरा वर ठेवतात. तेव्हा मामींसारखं ‘यांची बीपीची गोळी राहिली’ म्हणून पर्समधून काढून देऊ नका! पाय जड वाटला, मुंग्या आल्या की लगेच हाक मारा. थोडा ताप दोन-चार दिवस येऊ शकतो, पण तो इन्फेक्शनचा नाही ना ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घरी आल्यावर लोक विसरतात ते फॉलोअप. महिन्याने सीटी, मग डॉक्टर म्हणतील तसं सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि पुढे दरवर्षी कायमचं. ग्राफ्टच्या कडेने किंवा जोडातून रक्त परत फुग्यात शिरलं तर ते लवकर बंद करावं लागतं, मागच्या बारीक नसांमधून येत असेल तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. छोटा स्टेंट बुजू शकतो, कुशीत अचानक दुखलं, लघवी कमी झाली तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दाताच्या डॉक्टरच्या सांगण्यावरूनही स्वतःहून बंद करायच्या नाहीत, आधी सर्जनला फोन.

आणि सख्ख्या भावंडांची एक सोनोग्राफी, साठी-पासष्टी गाठलेली असेल तर नक्कीच. धाकटे मामा महिनाभर टाळत होते, शेवटी मामींनी रिक्षात बसवून नेलं, महाधमनी २.१ सेंटीमीटर निघाली.