स्पीकर घ्यायचेत? मग दुकानात नाही, घरी ऐका

दोन वर्षांमागं मी परभणीहून संभाजीनगरला जाऊन स्पीकरची जोडी आणली, दुकानात ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता, आन् घरी कोपऱ्यात लावली तर डग्गा वाजला की लोखंडी कपाटाची दारं थरथरायची, गाणारी बाई रांजणात तोंड घालून गायल्यासारखी वाटायची. दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. त्याच्याकडं गालिचा, जाड पडदे, मऊ सोफे, आमच्याकडं खाली शहाबादी फरशी आन् उघड्या भिंती. तर घरी लावून बघायला देईल, नाही पटलं तर परत घेईल, हे आधीच बोलून घ्या.

स्पीकर यायच्या आधी खोलीत उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मागून टर्रर्र असा आवाज आला तर खोली घुमतेय. कापसाची जाड गादी भिंतीला उभी करा, खाली सतरंजी टाका, परत टाळी वाजवा, फरक लगेच कळतो. पण गादीनं वरच्या सुरांचा आवाज आवरतो, खालच्या सुरांचा, म्हणजे बास, नाही. त्याचा हिशोब वेगळा: समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल तर साधारण ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर फुगतो, आन् भिंतीला टेकून बसलात की तो सगळ्यात जास्त फुगलेला ऐकू येतो. म्हणून खुर्ची फूट-दीड फूट पुढं घ्या, स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोनेक फूट लांब ठेवा. दोन स्पीकर आन् तुम्ही मिळून समान बाजूंचा त्रिकोण व्हावा, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला यावा. वायरचं लाल-काळं तपासा, एका बाजूला उलटं लागलं तर बास गायब होतो आन् गायक मधोमध न राहता कुठंतरी विरून जातो.

आता कानाची तयारी. खरा आवाज कसा असतो हेच माहीत नसलं तर स्पीकर काय तपासणार? गावात हरिनाम सप्ताह असला की कर्ण्यापासून लांब, पखवाजवाल्याच्या जवळ जाऊन बसा. डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, तिचा जड, गोल आवाज येतो आन् लगेच थांबतो. टाळांची किणकिण कानाला टोचत नाही, तरी स्वच्छ कळते. घरी हेच ऐकायचंय: प्रत्येक थाप सुटी येते का सगळा बास एकच गोळा होऊन घुमायलाय? तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या कळतात का? बाईचा आवाज नाकातून येतो का?

दोन जोड्यांची तुलना करताना सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते: जो स्पीकर थोडासा मोठा वाजतो तोच कानाला भारी वाटतो. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक पॉवर दिली तर स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा; ८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर ८६ वाल्यापेक्षा त्याच व्हॉल्यूमला मोठा वाजणारच, ८६ वाल्याला तेवढंच वाजवायला दुप्पट पॉवर लागते. तर मोबाईलचं डेसिबल ॲप खुर्चीवर एकाच जागी ठेवा आन् दोन्हींचा आकडा सारखा करा. ॲपचा आकडा अचूक नसला तरी चालेल, तुलनाच करायचीय ना. बॉक्सवरच्या हजार वॅट पीएमपीओकडं, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरच्या फुगवलेल्या आकड्याकडं, तर ढुंकूनही बघू नका, लई फेकाफेक असते ती.

मग समोर चादर टांगा आन् पोराला सांगा, कोणता वाजवतोयस ते बोलू नको. उगं वाटतं, पण किंमत आन् लाकडी फिनिश दिसलं की कान आपोआप डोळ्याचं ऐकतो. कॅनडाचे ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी अशाच लपवलेल्या स्पीकरांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. एकेकटा स्पीकर मोनोत, म्हणजे सगळं गाणं एकाच स्पीकरमधून, ऐकला तर दोष जास्त ठळक कळतो हेही त्यांचंच, म्हणून आधी एक वाजवा, मग जोडी.

शेवटी रात्री सगळे झोपल्यावर बारीक आवाजात तासभर ऐका. पंधरा मिनिटांत चकचकीत वाटणारा स्पीकर तासाभरात डोकं उठवतो. बारीक आवाजात बास थोडा कमी वाटणारच, कानच तसा आहे, तेवढ्यावरून नापास करू नका.

माझी ती जोडी अजून आहे, नुसती कोपऱ्यातून बाहेर काढली. कपाटाच्या दारात मात्र पुठ्ठ्याची घडी खोचावीच लागते.