नवा फोन घेताय? बेळगाव-खानापूरकडच्यांनी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात मावशी कणकुंबीहून बेळगावला आली, तेव्हा तिच्या हातात नवाकोरा ५जी फोन होता. पोरांनी हौसेनं घेऊन दिलेला. मी कौतुक करायला गेलो तर म्हणाली, "फोन देखणा हाय रे, पण घरात लागतच नाही की. जुना निदान ओसरीत तरी बोलायचा."

सिम तेच, टॉवरही तोच. फरक फोनमध्ये होता. टॉवरवरून येणारा एक बँड, म्हणजे लहरींचा ठरावीक पट्टा, पकडायची सोय जुन्या फोनमध्ये होती, नव्यात नव्हती. पैसे पोरांनी जास्तच मोजले होते. फोन कुठे वापरला जाणार, एवढाच प्रश्न दुकानात कोणी विचारला नव्हता.

बँड न बघता फोन घेणे

आपल्याकडची ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ७०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारितेच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. जांबोटी, कणकुंबीसारख्या झाडीच्या भागात त्याच उपयोगी पडतात. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. जिओचं ५जीही ७०० वापरतं.

फोनच्या माहितीत ४जी आणि ५जीच्या बँडची यादी वेगवेगळी असते. ७०० मेगाहर्ट्झचा बँड ४जीच्या यादीत 'बी२८' आणि ५जीच्या यादीत 'एन२८' म्हणून दिसतो. एन२८ आहे म्हणजे बी२८ असणारच, असं नाही. मावशीच्या फोनची गोम नेमकी हीच होती. कंपनीच्या संकेतस्थळावर भारतात विकल्या जाणाऱ्या मॉडेलची यादी उघडा आणि दोन्ही वाचा. दुकानदाराचं "सगळे बँड आहेत" हे उत्तर पुरेसं धरू नका. जमलं तर गावातल्या कोणाकडे तोच फोन असेल त्यात आपलं सिम घालून घरात बसून बघा.

शिनोळीला गेलं की नेट बंद

घर बेळगुंदीला आणि रोजचं काम पलीकडे महाराष्ट्रातल्या तुडये किंवा शिनोळीला, अशी कितीतरी माणसं आहेत. सिम कर्नाटक सर्कलचं (सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग), पण चार पावलं पुढे गेलं की फोन महाराष्ट्र-गोवा सर्कलचा टॉवर पकडतो. बऱ्याच नव्या फोनमध्ये डेटा रोमिंग, म्हणजे आपल्या सर्कलबाहेर नेट चालवायची सोय, सुरुवातीला बंद असतं. मग काही सिमवर रेंज भरून दिसते, पण नेट चालत नाही, आणि माणूस फोनला दोष देत दुकानात परत जातो. आधी सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर जाऊन डेटा रोमिंग सुरू करा. देशातल्या देशात बहुतेक अनलिमिटेड पॅक तसेच चालतात. परदेशी जाताना मात्र रोमिंग बंद ठेवा.

सीमेवर बॅटरी लवकर उतरते तीही बऱ्याचदा रेंजमुळे. सिग्नल अशक्त असला की फोन जास्त ताकद लावतो आणि सतत टॉवर शोधत राहतो. दिवसभर अशा पट्ट्यात असाल तर ५००० एमएएचपेक्षा लहान बॅटरीचा फोन घेऊ नका. जिथे ५जी येतच नाही तिथे नेटवर्क ४जीवर ठेवलं तरी फरक पडतो.

मेगापिक्सेल आणि रॅमच्या आकड्यांना भुलणे

'८ + ८ जीबी रॅम' यातले पुढचे ८ म्हणजे साठवणीतून उसनी घेतलेली जागा. खरी रॅम ८ च. साठवण १२८ जीबीच्या खाली नको, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओच ती भरून टाकतात.

कॅमेऱ्याबद्दल मला वेगळंच सांगायचं आहे. आपल्या घरात कॅमेऱ्याचं मोठं काम कागद वाचायचं असतं. हेस्कॉमचं वीजबिल, पंचायतीची नोटीस, जमिनीचा उतारा, सगळं कन्नडमध्ये. ज्यांना ते वाचता येत नाही ते गूगल लेन्स धरून मराठी करून घेतात. त्यासाठी १०८ मेगापिक्सेल लागत नाहीत, ऑटोफोकस नीट लागतो. दुकानात ट्यूबलाइटखाली एखाद्या बिलाचा फोटो काढा आणि बारीक अक्षरं मोठी करून बघा. २ मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' कॅमेरा सोबत दिलाय म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका. आणि कागदात मुदत किंवा दाव्याची तारीख असेल तर लेन्सवर विसंबू नका, कन्नड येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

अपडेट किती वर्षं मिळणार हेही विचारा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ यांना ७ वर्षांचं आश्वासन आहे, स्वस्त फोनना त्याहून खूप कमी. ही वर्षं साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये मिळणारं दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल म्हणूनही स्वस्त असतं.

पाऊस

आयपी६८ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) लिहिलेला फोनही पाण्याने बिघडला तर वॉरंटीत सहसा बसत नाही. आयपी५४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरतं, रोपलावणीला खिशात घेऊन जाण्यासाठी नव्हे. भिजलेला फोन चार्जिंगला लावू नका, पुसून वाऱ्याला ठेवा. आपला भाग भाताचा, म्हणून पहिला हात तांदळाच्या डब्याकडे जातो. पण तांदळाचे बारीक कण चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतात. ते करू नका.

"बिल नको असेल तर हजार कमी"

फोनवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, तो चुकवण्यासाठी ही ऑफर असते. बिल नसेल तर वॉरंटीला आणि चोरीच्या तक्रारीला तुमच्या हातात काही राहत नाही. कोल्हापूर किंवा गोव्यातून घेत असाल तर त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे का, ते आधी बघा. *#०६# दाबल्यावर येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बिलाशी आणि खोक्याशी जुळवा. जुना फोन विकत घेताना इंग्रजीत केवायएम, मग एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर लिहून १४४२२ वर एसएमएस करा. नंबर काळ्या यादीत असेल तर तिथेच कळेल.

जुना फोन त्याच दिवशी देऊन टाकणे

एक्स्चेंजचे पैसे दिसले की घाई होते. पंधरा दिवस थांबता आलं तर थांबा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट आधी न्या. दोन्ही अँड्रॉइड फोन शेजारी ठेवून क्यूआर कोडने थेट हलवता येतात. गूगलवर बॅकअप घेत असाल तर तो फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो, जागा भरली की अडतो. यूपीआयसाठी बँकेला दिलेल्या नंबरचं सिम नव्या फोनमध्येच हवं, कारण पडताळणीचा एसएमएस त्यातूनच जातो. पुन्हा पुन्हा 'पडताळणी झाली नाही' असं येत असेल तर तीन गोष्टी बघा: दोन सिमपैकी योग्य सिम निवडलंय का, एसएमएस जाण्याइतका बॅलन्स आहे का, आणि तुम्ही उभे आहात तिथे रेंज आहे का. बऱ्याच बँका नव्या फोनवर पहिले २४ तास कमी रक्कम पाठवू देतात. त्यामुळे बियाण्याचे किंवा फीचे पैसे भरायच्या दिवशी फोन बदलू नका.

हे सगळं नव्या फोनवर चालताना पाहिलं की जुन्यातून गूगल खातं काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. खातं न काढता बटणांनी रीसेट केलेला फोन पुढच्या माणसाकडे तुमचाच पासवर्ड मागत बसतो.